पडलेल्या जनावराची किंमत

जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या मालिकेत मलाखी हा अखेरचा. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात एक रोखठोक प्रसंग आहे. मंदिरात बळी अर्पण करण्यासाठी लोक आंधळी, लंगडी आणि आजारी जनावरे घेऊन येत असत. कळपातले धडधाकट जनावर घरी ठेवायचे आणि ज्याचा आता काही उपयोग नाही ते देवाला वाहायचे, असा तो हिशेब होता. संदेष्टा त्यांना आव्हान देतो की, हेच जनावर आपल्या प्रांताधिकाऱ्याकडे भेट म्हणून नेऊन पाहा, तो तुमच्यावर प्रसन्न होईल काय?

मलाखीचा रोख भक्तीतील अप्रामाणिकपणावर आहे, हे खरे. तथापि त्याने मनुष्यस्वभावाची एक खोड अचूक टिपली आहे. जनावर आजारी पडले की मालकाचे नुकसान होते. ते नुकसान आपल्या पदरी पडू नये म्हणून तो ते जनावर कोणाच्या तरी माथी मारतो. आणि ज्याच्या माथी मारायचे तो शक्यतो दूरचा किंवा तक्रार न करणारा असावा, असे पाहतो. आजारी आणि जायबंदी जनावरे माणसाच्या अन्नातून दूर ठेवण्याचा इतिहास म्हणजे या एका खोडीशी माणसाने केलेल्या झुंजीचा इतिहास होय.

मोशेच्या नियमशास्त्रात या विषयाला मोठे स्थान आहे. रानात श्वापदाने फाडलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, ते कुत्र्यांना टाकावे, असे निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. पुढे यहुदी परंपरेत कापलेल्या जनावराची फुप्फुसे तपासून त्यांत दोष आढळल्यास मांस वर्ज्य ठरविण्याची काटेकोर पद्धत रूढ झाली. अनुवाद ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात मात्र एक वेगळी तरतूद आढळते. आपोआप मेलेले जनावर तुम्ही खाऊ नका. ते तुमच्या गावात राहणाऱ्या उपऱ्याला द्या अथवा परदेशीयाला विका, असा तिचा आशय आहे. येथे प्रश्न आरोग्याचा नसून विधीच्या शुद्धतेचा आहे आणि परक्याला तो नियम बंधनकारक नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परक्यावर प्रीती करा, अशी आज्ञा त्याच ग्रंथात आहे. पुढे जेरुसलेमच्या सभेत प्रेषितांनी परराष्ट्रीय श्रद्धावंतांनाही गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस टाळण्यास सांगितले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. म्हणजे या एका बाबतीत तरी घरचा आणि परका हा भेद उरला नाही. तथापि अन्नाच्या व्यवहारात ‘आपण खाणार नाही, परंतु परक्याला विकू’ ही वाट कधीच बुजली नाही. ती कोठवर जाते हे पाहायचे असेल तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळावा. तेथील वृत्तपत्रे, सरकारी चौकशा आणि कायदे यांतून हा प्रवास पायरीपायरीने नोंदलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्क शहर झपाट्याने वाढत होते. दूरच्या खेड्यांतून ताजे दूध आणण्याची सोय अपुरी होती. शहरात व्हिस्कीच्या मोठमोठ्या भट्ट्या होत्या आणि धान्य आंबवून मद्य काढल्यावर उरणाऱ्या पातळ चोथ्याचे काय करावे, हा भट्टीवाल्यांपुढचा प्रश्न होता. त्यांनी भट्टीला लागूनच गोठे बांधले आणि हा कढत चोथा गायींच्या गव्हाणीत सोडला. चारा नाही, मोकळी हवा नाही, हिंडणे-फिरणे नाही. काही काळ त्या गायी भरपूर दूध देत. मग त्यांच्या अंगावर व्रण उठत, दात किडत, शेपट्या झडून पडत. रॉबर्ट हार्टली नावाच्या समाजसुधारकाने १८४२ साली या दुधाविरुद्ध एक सविस्तर ग्रंथच लिहिला. पण व्यापार थांबला नाही. ते निळसर पातळ दूध खडूची भुकटी वगैरे घालून पांढरे केले जाई आणि ‘गावाकडचे शुद्ध दूध’ अशी अक्षरे रंगविलेल्या गाड्यांतून दारोदार विकले जाई.

मे १८५८ मध्ये फ्रँक लेस्ली या प्रकाशकाच्या सचित्र साप्ताहिकाने चित्रकार आणि बातमीदार पाठवून या गोठ्यांचे दर्शन घडविले. त्या चित्रमालिकेतील एक चित्र विशेष गाजले. त्यात एक मरणोन्मुख गाय आहे. तिला आपल्या पायांवर उभे राहता येत नाही. म्हणून पोटाखालून पट्टे घालून तिला झोळीत टांगले आहे आणि तशा अवस्थेत एक माणूस तिचे दूध काढीत आहे. मेलेल्या गायींचे मांसही बाजारात जाते, असा आरोप साप्ताहिकाने केला. नगरपालिकेची चौकशी बसली. परंतु समितीतील काही सभासद गोठेवाल्यांच्याच बाजूचे निघाले आणि गोठ्यांत हवा खेळती ठेवावी, एवढ्यावरच काम भागले. या दुधाला बंदी करणारा राज्याचा कायदा १८६२ साली झाला. तोवर ते दूध कोणाच्या पोटात गेले? ज्यांना खेड्यातून आणलेले महाग दूध परवडत नव्हते अशा गोरगरिबांच्या तान्ह्या मुलांच्या. भट्टीच्या मालकाच्या नातवंडांनी ते प्याले असेल, असे मानावयास जागा नाही.

पुढचा टप्पा शिकागोचा. २५ डिसेंबर १८६५ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, तेथील ‘युनियन स्टॉक यार्ड’ हा प्रचंड गुरांचा बाजार सुरू झाला. आगगाडीने देशभरातून गुरे, डुकरे आणि मेंढरे येथे येत. येथेच त्यांची कत्तल होई आणि बर्फाने थंड केलेल्या डब्यांतून मांस देशभर रवाना होई. मांस विकणारा खाटीक पूर्वी ओळखीचा असे. त्याने खराब मांस दिले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानावर जाब विचारता येई. आता जनावर पाळणारा, कापणारा आणि खाणारा यांच्यात शेकडो कोसांचे अंतर पडले. अनुवाद ग्रंथातील ‘परका’ या अंतरामुळे घरोघरी निर्माण झाला. प्रत्येक गिऱ्हाईक हा कारखानदाराच्या दृष्टीने परकाच होता.

सरकारी तपासणी सुरू झाली ती मात्र खऱ्या परदेशीयांसाठी. डुकराच्या मांसातील ट्रिकिना नावाच्या सूक्ष्म कृमीमुळे माणसे दगावतात, हे जर्मन वैद्यांनी १८६० नंतर दाखवून दिले होते. त्या कारणास्तव इटलीने १८७९ पासून आणि पाठोपाठ जर्मनी व फ्रान्स यांनी अमेरिकन डुकराच्या मांसावर बंदी घातली. निर्यातीचे मोठे नुकसान होऊ लागले तेव्हा १८९० आणि १८९१ साली अमेरिकेने तपासणीचे कायदे केले. शिकागोत सूक्ष्मदर्शकाखाली मांसाचे तुकडे तपासण्यासाठी तरुण स्त्रियांची नेमणूक झाली. पण ही सूक्ष्मदर्शकाची तपासणी युरोपला जाणाऱ्या मालाची होती. देशातल्या गिऱ्हाइकाने मांस नीट शिजवून खावे, एवढाच उपदेश त्याच्या वाट्याला आला. ज्याच्याकडे बंदी घालण्याची ताकद होती त्याला तपासलेले मांस मिळाले. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात सैनिकांना पुरविलेल्या डबाबंद गोमांसाबद्दल मोठे वादळ उठले. त्या युद्धात लढलेले थिओडोर रूझवेल्ट यांनीही चौकशी आयोगापुढे त्या मांसाविरुद्ध साक्ष दिली. हेच रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

१९०४ साली अप्टन सिंक्लेअर नावाचा एक तरुण समाजवादी लेखक शिकागोत उतरला. सात आठवडे तो कत्तलखान्यांतील मजुरांत मिसळून राहिला. हे मजूर बहुतांशी आयर्लंड, पोलंड, लिथुआनिया अशा देशांतून आलेले गरीब स्थलांतरित होते. त्यांतील पुष्कळजण आपल्यासारखेच कॅथलिक होते आणि बाजाराच्या मागच्या वस्तीत त्यांनी आपापल्या भाषेतील चर्चेस उभारली होती. सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीचा नायक असाच एक लिथुआनियन मजूर आहे. १९०६ च्या फेब्रुवारीत ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात एक प्रसंग असा येतो : दिवसाचे काम संपले आहे, सरकारी तपासनीस निघून गेला आहे. आगगाडीच्या प्रवासात पाय मोडलेली, शिंगांनी भोसकली गेलेली आणि काही तर मेलेली गुरे आता अंधारात कापावयास घेतली जातात. मजूर त्यांना ‘डाउनर’, म्हणजे पडलेली जनावरे, म्हणतात. त्यांना चालवत नसल्याने वरच्या मजल्यावरील कत्तलीच्या जागी नेण्यासाठी कारखान्याने एक खास लिफ्टच बसविलेली आहे. त्यांचे मांस इतर मांसात असे पेरले जाते की, ते ओळखू येऊ नये.

ही कादंबरी होती, साक्ष नव्हे. म्हणून रूझवेल्ट यांनी दोन माणसांना शिकागोस पाठविले. त्यांपैकी एक चार्ल्स नील. हे सरकारचे कामगार आयुक्त. त्यापूर्वी ते वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसरे जेम्स रेनॉल्ड्स, समाजसेवक. ४ जून १९०६ रोजी त्यांचा अहवाल अमेरिकन संसदेपुढे ठेवण्यात आला. घाणेरड्या जमिनीवरून उचललेले मांस, कुजके लाकडी फलाट, मजुरांसाठी हात धुण्याचीही सोय नसणे, हे सारे त्यांनी स्वतः पाहिले होते. ३० जून १९०६ रोजी रूझवेल्ट यांनी मांस तपासणीच्या कायद्यावर सही केली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मांस पाठविणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कत्तलीपूर्वी जिवंत जनावर तपासले जावे, कत्तलीनंतर मांस व अवयव तपासले जावेत आणि नापास ठरलेले मांस तपासनीसाच्या डोळ्यांदेखत नष्ट केले जावे, असे बंधन आले.

या कायद्याच्या जन्मकथेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. सिनेटर बेव्हरिज यांच्या मूळ मसुद्यात दोन गोष्टी होत्या : तपासणीचा खर्च कारखानदारांनी द्यावा आणि डब्यावर तो भरल्याची तारीख छापावी. कारखानदारांच्या दबावामुळे दोन्ही गळाल्या. खर्च सरकारी तिजोरीने उचलला आणि तारीख छापली गेली नाही. खुद्द सिंक्लेअरचे समाधान झाले नाही. त्याला लोकांना मजुरांच्या हालांची जाणीव करून द्यायची होती. लोक हळहळले ते स्वतःच्या पोटासाठी. शिवाय ज्या कारखान्याचा माल राज्याच्या सीमेबाहेर जात नव्हता तो या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. ही फट साठ वर्षांहून अधिक काळ उघडी होती. मेलेली, मरायला टेकलेली, रोगट आणि अपंग अशा चार प्रकारच्या जनावरांच्या मांसाला व्यापारात एक सांकेतिक नावच पडले होते, कारण इंग्रजीत या चारही शब्दांचे आद्याक्षर एकच आहे. अखेर १५ डिसेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राज्यांतर्गत कारखान्यांनाही तोच दंडक लावणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या समारंभाला एक वृद्ध पाहुणा मुद्दाम बोलाविला होता. तो होता ८९ वर्षांचा अप्टन सिंक्लेअर. पुढल्याच वर्षी तो वारला, आणि १९७१ साली शिकागोचा तो बाजारही बंद पडला.

आता सारे सुरळीत झाले, असे वाटावे अशीच ही वेळ होती. परंतु पडलेल्या जनावराचा प्रश्न कायद्याने अजून निकालात काढला नव्हता. गाय खाली बसते आणि उठत नाही, याची कारणे अनेक असतात. व्याल्यानंतर रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटते, वासरू अडल्याने कंबरेच्या नसा दुखावतात, पाय मोडतो, लांबच्या प्रवासाने अंगातले त्राण जाते. नुसता पाय मोडलेल्या निरोगी जनावराचे मांस दूषित नसते, हा शेतकऱ्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता. म्हणून पशुवैद्याने तपासून होकार दिल्यास पडलेले जनावरही कापता येत असे. अडचण अशी की, जनावर पडल्यामुळे जायबंदी झाले, की आजारी असल्यामुळे पडले, हे कत्तलखान्याच्या अंगणात उभे राहून नेहमीच सांगता येत नाही.

या अडचणीचे भयंकर रूप प्रथम इंग्लंडमध्ये दिसले. १९८६ साली तेथे गायींच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला. गायी अडखळत, बिचकत आणि शेवटी कोसळत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मॅड काऊ’ हे नाव दिले. मेलेल्या जनावरांचे मांस व हाडे दळून केलेले खाद्य गायींना घातल्याने तो पसरला होता. ऑगस्ट १९८८ पासून रोगट गायी सक्तीने मारण्याचा हुकूम निघाला; पण मालकाला भरपाई निम्म्याच किमतीची मिळे. अशाने शेतकरी रोगाची चाहूल लागताच गाय गुपचूप बाजारात नेईल, अशी टीका झाली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये पूर्ण भरपाई सुरू झाली. २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश सरकारने संसदेत मान्य केले की, माणसांत आढळलेल्या मेंदूच्या एका नव्या प्राणघातक रोगाचा या गायींच्या रोगाशी संबंध असण्याचा संभव आहे. त्या रोगाने पुढे ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता.

अमेरिकेत अशी पहिली गाय सापडली ती २००३ च्या नाताळच्या तोंडावर. वॉशिंग्टन राज्यातील ही दुभती गाय मूळची कॅनडातली. ९ डिसेंबरला तिची कत्तल झाली. सरकारी नोंदीप्रमाणे ती पडलेली होती आणि कारण लिहिले होते प्रसूतीच्या वेळची दुखापत. पडलेली म्हणूनच तिच्या मेंदूचा नमुना तपासणीस गेला. परंतु निकालाची वाट न पाहता मांस मात्र बाजारात गेले. २३ डिसेंबरला रोग जाहीर झाला तेव्हा ते परत मागविण्याची धावपळ सुरू झाली. ३० डिसेंबर रोजी सरकारने पडलेल्या गुरांचे मांस अन्नात घेण्यास बंदी जाहीर केली. बंदी आली, पण तिला एक फट ठेवण्यात आली. पहिल्या तपासणीत चालत गेलेले जनावर नंतर पडले, तर पशुवैद्याने पुन्हा पाहून ते पास करावे, अशी सवलत होती.

त्या फटीचा अर्थ ३० जानेवारी २००८ रोजी जगाला दिसला. कॅलिफोर्नियातील चिनो येथील हॉलमार्क-वेस्टलँड या कत्तलखान्यात एका प्राणिदया संस्थेचा माणूस मजूर म्हणून काम करीत होता. त्याने लपवून घेतलेले चित्रण त्या दिवशी प्रसिद्ध झाले. उठू न शकणाऱ्या गायींना विजेचे धक्के देण्यात येत होते, नाकपुड्यांत जोराने पाणी सोडले जात होते, आणि माल उचलण्याच्या फोर्कलिफ्ट यंत्राच्या सुळ्यांनी त्यांना ढकलून, उचलून तपासनिसापुढे उभे करण्याची धडपड चालली होती. १८५८ साली झोळी होती, १९०६ च्या कादंबरीत लिफ्ट होती, येथे फोर्कलिफ्ट. दीडशे वर्षांत यंत्र सुधारले; त्याने करावयाचे काम तेच राहिले.

१७ फेब्रुवारी रोजी सुमारे साडेसहा कोटी किलो मांस परत मागविण्यात आले. मांस परत मागविण्याचा तोवरचा तो अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रसंग होय. ते दोन वर्षांचे उत्पादन होते आणि बहुतेक खाऊन संपलेले होते. त्यातला मोठा हिस्सा, सुमारे पावणेदोन कोटी किलो, सरकारच्या अन्नयोजनांमार्फत मुख्यतः शाळांतील मुलांच्या जेवणासाठी गेला होता. १४ मार्च २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ती फट बुजविल्याचे जाहीर केले. यापुढे पडलेले मोठे गुरू, कारण कोणतेही असो, अन्नात येणार नाही. वासरांची सवलत २०१६ मध्ये संपली. डुकरांना मात्र हा नियम लागू झाला नाही. कॅलिफोर्नियाने आपल्यापुरता तो सर्व जनावरांना लावला होता; पण तो देशाच्या कायद्याशी विसंगत आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०१२ रोजी एकमताने दिला.

या सगळ्या घटना एका ओळीत मांडल्या की खाणारा कोण, हे डोळ्यांत भरते. न्यूयॉर्कच्या गरिबांची तान्ही मुले, छावणीतले शिपाई, नाव-गाव नसलेले गिऱ्हाईक, शाळेत सरकारी जेवण घेणारी मुले. ताटात काय आले आहे हे विचारण्याची ताकद यांपैकी कोणातही नव्हती. आणि प्रत्येक वेळी सुधारणा झाली ती रोगाचे ज्ञान वाढले म्हणून झाली नाही. उभी न राहणारी गाय आजारी असू शकते, हे १८५८ साली गोठ्यातल्या गड्यालाही ठाऊक होते. सुधारणा झाली ती खाणारा परका कोणाला तरी आपला वाटला तेव्हा. कोणी चित्र काढले, कोणी कादंबरी लिहिली, कोणी मजूर होऊन आत शिरला.

निर्गम ग्रंथातच, एकविसाव्या अध्यायात, आणखी एक जुना नियम आहे. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैल विकून पैसे वाटून घ्यावेत आणि मेलेला बैलही वाटून घ्यावा. नुकसान एकट्यावर लोटू नये, हे त्याचे मर्म. आजारी जनावराच्या बाबतीतही तोच न्याय लागू पडतो. ज्या शेतकऱ्याची एकुलती एक गाय पडली त्याला नुसता नियम दाखवून भागत नाही. भरपाई अथवा विमा यांचा आधार नसेल तर त्याचे हात बाजाराकडे वळणारच. तो एकटा दुष्ट आणि आपण सारे निर्दोष, असे म्हणणे सोपे आहे. स्वस्त मांसाचा आग्रह धरणारे आपणही त्या व्यवहारातले भागीदार असतो.

आपल्याकडेही नियम आहेत. २००१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पशुवैद्याच्या दाखल्याशिवाय कत्तलखान्यात जनावर कापता येत नाही, आणि एका पशुवैद्याने तासाला १२ व दिवसाला ९६ हून अधिक जनावरे तपासू नयेत, अशी मर्यादा आहे. नियम चांगला आहे; तो पाळला जातो की नाही हे विचारणे गिऱ्हाइकाचे काम आहे. आपल्या वसईच्या आणि मुंबईच्या गावठाणांतून लग्नासाठी घरचे डुक्कर राखून ठेवण्याची रीत होती. त्या डुकराला कोणी सरकारी शिक्का मारीत नसे. तरीही कुरकुरणारे, खाणे सोडलेले जनावर मांडवाच्या चुलीवर चढत नसे, कारण पंगतीला सोयरे बसणार होते, शेजारी बसणार होते, धर्मगुरू बसणार होते.

मलाखीने विचारलेला प्रश्न याहून निराळा नव्हता. फरक इतकाच की, आज आपल्या हातून जाणारे अन्न ज्या पंगतीला वाढले जाते तिथली माणसे आपल्याला दिसत नाहीत.